शांततेची दवंडी

शिवरुद्रप्पांच्या घराचं पुढचं दार मोंढ्यात उघडत असे आणि मागची खिडकीही मोंढ्यातच उघडत असे, एवढं सांगितलं म्हणजे त्या घरात शांतता किती असेल ते वेगळं सांगायला नको. कार्तिक संपत आला होता. झरीच्या, पेडगावच्या, पार देवगाव फाट्याकडच्या कापसाच्या गाड्या आडतीपुढं येऊन सुटत होत्या. हमालांच्या हाका, बैलांच्या घंटा आणि त्यावर जिनिंगचा भोंगा. नेमक्या ह्याच दिवसांत त्यांचा मुलगा रामलिंग पुण्याहून पुस्तकांच्या दोन ट्रंका घेऊन घरी आला. निजामाच्या हद्दीत शिरताना जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या शिपायांनी त्या ट्रंका उघडून पाहिल्या होत्या, आणि आत खाण्यासारखं किंवा जप्त करण्यासारखं काहीच नाही म्हणून वैतागून बंद केल्या होत्या.

रामलिंग एम. कॉम. करत होता. म्हणजे नक्की काय करत होता, हे परभणीत चारच माणसांना माहीत होतं आणि त्या चौघांचंही एकमत नव्हतं. पेपर होऊन गेले होते. आता फाल्गुन संपायच्या आत एक प्रबंध लिहून द्यायचा होता. तो पसंत पडला की त्याच कॉलेजात शिकवायची जागा मिळणार, असं प्रोफेसरांनी कबूल केलं होतं. मात्र जागा ते जूनपर्यंतच अडवून धरणार होते. परभणीच्या आडत्याचा मुलगा पुण्याच्या कॉलेजात मास्तर! शिवरुद्रप्पा रोज सकाळी लिंगपूजा झाल्यावर कपाळाला भस्म लावता लावता हे वाक्य मनाशी एकदा म्हणून घेत.

पहिल्याच संध्याकाळी रामलिंग वही घेऊन गादीपाशी आला.

"आप्पा, तुमच्यासंगं जरा बसायचं होतं. मला इचारायचंय—"

"काय पाहिजे? शाई? रॉकेल? लढाईमुळं चिठ्ठीवर मिळायलंय, पर तुज्यासाठी मी दोन डबे ठेवलेत."

"तसं न्हाई. मोंढ्यात जे—"

"मोंढ्यात जो गलका हाय, तो माज्या ध्यानात हाय," शिवरुद्रप्पा म्हणाले. "तू वर जा. वाच. बाकीचं माज्यावर सोड."

रामलिंग वर गेला. त्याच्या आईनं, महानंदाबाईंनी, ताटं मांडता मांडता विषय काढला. "अवो, ते लेकरू मोंढ्याचंच कायतरी लिहायलंय म्हणं. कापसाचा भाव कसा ठरतो, आडत कशी चालती, असलं. तुमाला इचारायला बघायलंय."

शिवरुद्रप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "एम. कॉम.ला मोंढा? पुण्याला काय कापूस तोलायला धाडलं का त्याला? तुला काय कळतंय त्यातलं!"

आणि हसू ओसरल्यावर ते जे बोलले, ते अगदी मनापासून बोलले. "तीस वर्सं झाली, नाकातोंडात कापूस चाललाय माज्या. त्याच्या अभ्यासावर माजी सावलीसुदिक पडू देणार न्हाई मी." महानंदाबाईंनी भाकरी वाढली आणि विषय संपला.

इथं मोंढ्याची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोंढ्यात भाव तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं जाई आणि उपरण्याखाली बोटं धरून भाव बोलला जाई. वरून बघणाऱ्याला दोन माणसं हवापाण्याच्या गप्पा मारताना दिसत. खाली बोटं दाबली जात, सोडली जात, झटकली जात. शिवरुद्रप्पांची बोटं या कामात अशी तरबेज होती की मुकी माणसंसुद्धा त्यांच्याइतकं बोलत नसतील. ही विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. ती विद्या आहे, असं मात्र शिवरुद्रप्पांना कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलाच्या अभ्यासाला वाहून घेतलं. एम. कॉम.चा मुलगा कशानं पास होतो, हा प्रश्न त्यांनी गादीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारला, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. शेजारच्या दुकानाचे बन्सीधर शेठ म्हणाले, बदाम. रोज एकवीस, उगाळून. पलीकडच्या कडूबाई म्हणाल्या, टाळूवर एरंडेल. शिवरुद्रप्पांनी दोन्ही चालू केलं. तिसऱ्या दिवशी रामलिंगचं पोट बिघडलं आणि उशीला तेल लागलं. दोन दिवस तो वहीऐवजी तांब्या घेऊन परसात जाताना दिसला. त्यातही एकदा तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, "आप्पा, एकच इचारू का?"

"आधी बरा हो," शिवरुद्रप्पा म्हणाले.

खरा सल्ला दिला तो दत्तरावांनी. हे कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहून देत, आणि अर्जानं सुटणार नाही असा प्रश्न जगात आहे हे त्यांना मान्य नव्हतं.

"आप्पा, अकलेला बदाम लागत न्हाईत, सुकून लागतो," दत्तराव म्हणाले. "माजा आतेभाऊ इम्तिहानाला बसला तवा आमी घरातलं घड्याळसुदिक बंद केलं होतं."

"पास झाला?"

"न्हाई. पर घड्याळामुळं नापास झाला असं कुणाला म्हणता आलं न्हाई."

हा युक्तिवाद शिवरुद्रप्पांना पटला. दत्तरावांचं म्हणणं असं पडलं, की मुलाशी कुणी बोलू नये, त्याला बोलतं करू नये, आणि गल्लीत गलका करू नये अशी सरकारी दवंडी पिटवावी. सरकारी हुकूम म्हटल्यावर बैलसुद्धा मान हलवताना विचार करतील. अर्ज लिहिला गेला, त्यावर तिकीट लागलं, आणि शिवरुद्रप्पा जरीचा रुमाल बांधून कचेरीत पेशकारांपुढं उभे राहिले.

पेशकारांनी अर्ज दोनदा वाचला. "एम. कॉम.? ये कौनसा मर्ज है?"

"मर्ज न्हाई साहेब, इम्तिहान हाय."

"तो फिर दवंडी कैसी? दवंडी लिलाव की होती है, लगान की होती है, बीमारी की होती है। इम्तिहान का खानाच नहीं है रजिस्टर में।"

खाना, म्हणजे रकाना, नाही म्हटल्यावर घोडं तिथंच पेंड खायला लागलं. 'कल आना' ऐकत ऐकत शिवरुद्रप्पांनी अकरा खेपा घातल्या. तीस वर्षांत कुणापुढं मान न लववलेला माणूस कचेरीच्या ओट्यावर चपला हातात घेऊन बसला. गादीवर मुनीम होता. वर माडीवर रामलिंग होता. तो सकाळी खाली येई, "आप्पा कुठायत?" विचारी, आणि कचेरीत गेलेत म्हटल्यावर पुन्हा वर जाई. त्या अकरा दिवसांत शिवरुद्रप्पांना वाटत होतं की आपण मुलासाठी जिवाचं रान करतोय. ते करतच होते. रान मात्र चुकलं होतं.

बाराव्या दिवशी दत्तरावांनी तोड काढली. इम्तिहानाचा खाना नाही तर नाही. अर्ज बीमारीच्या खान्यात घ्यावा. खाना भरला की हुकूम निघतो. हुकूम निघाला: आठ दिवस, दिवसातून तीन वेळा, मोंढ्याच्या चारी कोपऱ्यांवर आणि अर्जदाराच्या घरापुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंग लेखणी बुडवून पहिली ओळ लिहायला बसला आणि बरोबर खिडकीखाली भुजंग दवंडीवाल्यानं हलगीवर टिपरू मारलं.

"ऐका हो ऐका! ह्या गल्लीत कुणी गलका करू नये हो! शिवरुद्रप्पांचं पोरगं अभ्यास करायलंय हो! सरकारचा हुकूम हाय हो!" ढांगटिक् ढांगटिक् ढांगटिक्.

दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. मोंढ्यातला जो गलका इतकी वर्षं सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता, तो त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांच्या कानात भरला. झरीचे शेतकरी गाड्या सोडून खिडकीखाली जमले. अभ्यास करणारं पोरगं दिसतं कसं, हे त्यांना बघायचं होतं. "लय बारीक झालंय की वो," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "पुस्तकं आतून खात असत्यात." शिवरुद्रप्पा हात जोडून गर्दी पांगवायचे, आणि त्यांच्या पांगवण्याचा आवाज भुजंगच्या हलगीला मागं टाकायचा.

तिसऱ्या दिवशी ते भुजंगला म्हणाले, "बाबा, पुरे कर आता."

"कसं पुरं करू मालक? हुकूम आठ दिसांचा हाय. एक येळ चुकली तर माजी नोकरी जायची." मग त्याला दया आली. "बारीक आवाजात देऊ का?"

त्यानं बारीक आवाजात दिली. कुणाला ऐकू गेली नाही. आपलं काम चोख झालं नाही असं वाटून त्यानं ती पुन्हा मोठ्यानं दिली. अशा रीतीनं तीनाच्या सहा वेळा झाल्या. बंद करायचा अर्ज दत्तरावांनी लगेच लिहिला. पण चालू दवंडी बंद करायचाही खाना रजिस्टरात नव्हता.

बीमारीचा खाना मात्र होता, आणि त्यानं आपलं काम केलं. पाचव्या दिवशी सफाईचा दरोगा दोन माणसं आणि फिनाईलची बादली घेऊन दारात हजर झाला. कागदावर बीमारी लिहिलीय, तेव्हा घर धुतल्याशिवाय तो जाणार नव्हता. माडी धुतली गेली. रामलिंगची टिपणं अंगणात दोरीवर वाळत पडली. दाराला पांढरी फुली मारलेली बघून कडूबाईंनी गळा काढला, आणि पोरगं आजारी आहे ही बातमी संध्याकाळपर्यंत पेडगावला पोचली. सकाळी पेडगावचा रायभान धनगर दुभती शेळी घेऊन आला. "आजारी लेकराला शेळीचं दूध द्या, आप्पा," म्हणून त्यानं ती माडीच्या जिन्याला बांधली. शेळी रात्रंदिवस ओरडत होती. रायभान बिचारा आठ कोस पायी चालून आला होता, त्याला परत घेऊन जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आता काय, भीक नको पण कुत्रं आवर अशी गत.

या सगळ्यात रामलिंग काय करत होता? तो खिडकीत उभा राहून खाली बघत होता. वही हातात धरायचा, गाड्या मोजायचा, कोण कुणाच्या उपरण्याखाली हात घालतो, किती वेळ घालतो, हात काढल्यावर कुणाचं तोंड उतरतं, ते लिहून घ्यायचा. कुणी बोलायचं नाही असा घरात नियम. मग त्यानं बघून बघून शिकायचा घाट घातला होता. शिवरुद्रप्पांनी हे खालून पाहिलं. पोरगं खिडकीत उभं राहून गाड्या बघतंय, आणि वर प्रबंध तसाच पडलाय, एवढंच त्यांना दिसलं.

त्यांनी गवंडी बोलावला. खिडकी एका दिवसात विटांनी बुजली. त्या सबंध प्रकरणात अर्जाशिवाय आणि वेळेवर झालेलं हे एकच काम.

रामलिंग जेवून वर गेला आणि ओल्या भिंतीपुढं उभा राहिला. "आप्पा, खिडकी..."

"आता बघ कसं ध्यान लागतंय!" शिवरुद्रप्पा म्हणाले. आपण फार मोठं काम केलं या आनंदात त्यांनी मुलाच्या तोंडाकडं बघितलंच नाही. पुढं कितीतरी वर्षं त्यांना ते तोंड आठवायचा प्रयत्न करावा लागला, आणि ते आठवत नसे.

दोन दिवसांनी रामलिंग माडीवरून खाली उतरला आणि सरळ बन्सीधर शेठांपुढं जाऊन बसला. "शेठ, मला तुमची बोटं शिकवा," तो म्हणाला. शेठांनी हसत हसत उपरणं टाकलं. मोंढा बघत होता. एवढ्यात शिवरुद्रप्पा कचेरीतून परत आले. मुलाचा हात दुसऱ्याच्या उपरण्याखाली बघून त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं, चाळीस गाड्यांदेखत.

"हे हात कापसात घालायचे न्हाईत! यासाठी शिकवलं का तुला? बाप करतो तेच करायचं होतं तर पुण्याला कशाला गेलास?"

"आप्पा, मला तेच लिहायचंय—"

"वर जा!"

पंचवीस वर्षांचा मुलगा खाली मान घालून वर गेला. बन्सीधर शेठांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि ते कुणाकडं न बघता म्हणाले, "आप्पा, पोरगं इचारायलंय ते सांगावं माणसानं." शेठांचा हा एक सल्ला चांगला होता, आणि तेवढाच शिवरुद्रप्पांनी ऐकला नाही.

नंतर रामलिंगनं काही विचारलं नाही. ट्रंकांमधली पुस्तकं काढली आणि बुजलेल्या खिडकीपुढं, दिवसा दिवा लावून, त्यानं प्रबंध पुरा केला. फाल्गुनात तो गेला. गाडी सुटल्यावर शिवरुद्रप्पा महानंदाबाईंना म्हणाले, "बघितलंस? शेवटी शांतता कामाला आली."

ज्येष्ठात पाकीट आलं. आत रामलिंगची चार ओळींची चिठ्ठी होती, की प्रबंध नापसंत झाला, परत लिहायला वर्षाची मुदत आहे, पण जागा दुसऱ्याला गेली, आणि मी मुंबईला एका विमा कंपनीत चिकटतोय. चिठ्ठीसोबत परीक्षकांच्या शेऱ्याची इंग्रजी नक्कल होती. दत्तरावांना इंग्रजी येत नव्हतं. मग दोघं इंग्रजी जाणणाऱ्या तारबाबूंकडं स्टेशनावर गेले. तारबाबूंनी चष्मा पुसला आणि कागद आधी मनात वाचला. मग ते म्हणाले, "आप्पा, तुमच्या घरी येऊन वाचू का?"

"वाचा इथंच. आपल्याला काय लपवायचंय?"

तारबाबू वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. "उमेदवारानं पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत. पण परभणीच्या ज्या कापूस मोंढ्यावर त्यानं लिहिलंय, तिथल्या एकाही व्यापाऱ्याशी तो बोललेला दिसत नाही. उपरण्याखाली भाव ठरतो एवढं तो सांगतो. कसा ठरतो, ते सांगत नाही. एखादा जुना आडत्या त्याला भेटला असता, तर हे काम उत्तम झालं असतं."

दत्तरावांना अर्ज सुचला नाही. शिवरुद्रप्पांनी कागद घेतला, त्याची घडी घातली, ती उलगडली आणि पुन्हा घातली. मग ते हळूच म्हणाले, "एखादा जुना आडत्या..." आणि त्यांनी कागद खिशात घातला. परत येताना मोंढ्याच्या कोपऱ्यावर भुजंग भेटला. त्यानं रामराम केला आणि मनापासून विचारलं, "मालक, निकाल लागला का? दवंडी द्यायची का?" त्या बिचाऱ्याची यात काही चूक नव्हती. शिवरुद्रप्पा त्याच्याकडं बघत उभे राहिले आणि मान हलवून चालू लागले.

घरी येऊन त्यांनी पहार घेतली आणि खिडकीच्या विटा स्वतःच्या हातानं काढल्या. महानंदाबाईंनी टोपली धरली. त्या "मी सांगितलं होतं" असं म्हणाल्या नाहीत. म्हटल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शिवरुद्रप्पांना वाटलं.

मुंबईला जायच्या आधी रामलिंग दोन दिवसांसाठी घरी आला. शिवरुद्रप्पा त्या दोन दिवसांत वीसेक वेळा माडीच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. वर जाऊन काय म्हणायचं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. रामलिंग खिडकीशी बसून असे. खिडकी उघडी झालेली त्यानं बघितली. आता विचारायचं त्याच्याजवळ काही राहिलं नव्हतं.

स्टेशनावर गाडी आली. रामलिंगनं ट्रंक आत ठेवली, वाकून पाया पडला आणि खिडकीत जाऊन बसला. ट्रंक या वेळी एकच होती. शिवरुद्रप्पा खिडकीपाशी गेले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, गजांवर टाकलं आणि त्याखाली मुलाचा हात धरला.

"आप्पा, काय करायलात?"

"तू इचारलं होतंस न्हवं," शिवरुद्रप्पा म्हणाले. "हे बग. एक बोट धरलं की एक. दोन धरली की दोन. पंजा आवळला की पाच. आन् असं झटकलं, की समजायचं सौदा मोडला, पर राग न्हाई."

"आता कशाला, आप्पा?"

"ऐक रं. समोरचा हात गार लागला तर त्याला पैशाची नड हाय. घाम असला तर तो खोटं बोलायलाय. मला माज्या आप्पांनी शिकवलं हे. तुला मी..."

शिट्टी झाली. रामलिंगनं हात काढून घेतला नाही. उपरण्याखाली त्यानं बापाचा पंजा घट्ट आवळला, आणि शिवरुद्रप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या हाताचा भाव न ओळखता तो तसाच धरून ठेवला. गाडी हलली. ते तिच्यासोबत चालू लागले, मग भराभर चालू लागले, आणि चालता चालता सांगतच राहिले. फलाट संपला तेव्हा हात सुटला. उपरणं गजाला अडकून मुंबईच्या दिशेनं गेलं, आणि अर्ध्या रुपयाची खूण सांगायची तशीच राहिली.